रिकामी बोटं

मंत्र्यांचं भाषण कर्णबधिरांना खुणांनी सांगणं हे माझं काम. बोटांत काही घालायचं नाही, हा आमचा दंडक. बघणाऱ्याचं लक्ष भलतीकडे जातं. आज मी माझी जुनी अंगठी घालून आले. काल मंत्र्यांच्या टायपिस्टने टीव्हीवर सांगितलं, साहेबांनी लग्नाचं वचन देऊन फसवलं. त्यांनी दिलेली, दोन मासे कोरलेली अंगठीही दाखवली. तेव्हापासून जो तो तिच्यावरच तोंडसुख घेतोय. "ताई, अंगठी काढायची राहिली," कॅमेरामन म्हणाला. "राहिली नाही. हात जवळून दाखव." पत्रकारांसमोर मंत्र्यांनी कानांवर हात ठेवले. "असली अंगठी मी उभ्या जन्मात कुणाला दिलेली नाही!" एकही शब्द न गाळता मी ते सावकाश खुणांनी सांगितलं. पुढच्या रांगेतली वार्ताहर लिहिता लिहिता थांबली. "साहेब," तिने विचारलं, "मग ह्यांच्या बोटातले दोन मासे कुणाचे?" मी तो प्रश्नही खुणांनी सांगितला.