डेप्युटीचा कॅमेरा

हिमानी आयसीयूत होती आणि तिचा नवरा जेलमध्ये. तरी शंतनूचा सगळा राग बहिणीच्या त्या अमेरिकेतल्या आडगावाच्या शेरीफ ऑफिसवर, म्हणजे तिथल्या पोलिसांवर होता. महिन्यापूर्वी शेजारणीने त्यांना फोन केला, तेव्हा त्यांचा डेप्युटी घरी येऊन 'तक्रार नाही' असं लिहून निघून गेला होता.

"आई, तू बाळंतपणासाठी तिथेच होतीस ना! तुझ्यासमोर साल्यांनी काही केलं नाही. कोर्टात खेचतो एकेकाला." त्याने डेप्युटीच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मिळावं म्हणून अर्ज टाकला.

"नको रे मागवूस ते," आई म्हणाली. "आपलीच अब्रू चव्हाट्यावर येते."

रेकॉर्डिंग आलं. हिमानीचा ओठ फाटला होता. रडताना तिला इंग्रजी सुचत नव्हतं. "आई, सांग ना यांना, हा रोज मारतो. मला आणि बाळाला इथून घेऊन चला म्हणावं."

डेप्युटी तिच्यासमोर गुडघ्यावर बसला होता. त्याने मान वर करून आईला विचारलं, "मॅम, काय म्हणतेय ती?"



जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवत आलेली आई अस्खलित इंग्रजीत म्हणाली, "बाथरूममध्ये पाय घसरला म्हणतेय."