पदरावरचे मोर

इचलकरंजीत साडी कारखानदारांना घरबसल्या साड्यांची नक्षी करून देणाऱ्या शालनचा संगणक आठवडाभर त्रास देत होता. पदरावरच्या मोरांची नक्षी उघडली की पडदा काळा पडायचा.

"खोकं गेलं कामातून, वहिनी," दीर म्हणाला. "कारखानदारांना मी सांगून टाकलंय, नक्षी दुसरीकडून करून घ्या म्हणून."

शालनने त्याच्या देखतच कारखानदारांना फोन लावला. "नक्षी मीच देणार आहे, आज संध्याकाळी. भाऊजींनी मला न विचारताच सांगितलं." पडदा अजून काळाच होता.

हा त्रास संगणक अपडेट झाल्यापासूनचा, हे तिच्या ध्यानात होतं. संगणक पुन्हा चालू करून तिने पडद्यावर चित्रं उमटवणारा ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर काढला आणि जुना घातला. पडदा टिकला, पण मोर अर्धे उमटून अडकले. पाहिलं तर मेमरी निम्मीच दिसत होती.

"आता खोकं उघडू नका, होतं नव्हतं तेही जाईल," दीर म्हणाला.

शालनने वायर काढून डबा उघडला. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक सैल झाली होती. तिची पिवळी कड तिने खोडरबराने हलकेच घासली आणि कट्ट आवाज येईपर्यंत पट्टी दाबून बसवली. संगणक चालू केला, तर या वेळी सगळे मोर एका दमात उमटले.

दीराने वाकून उघड्या डब्यात पाहिलं. "किती दिवस चालेल हे?"

"बंद पडलं तर पुन्हा उघडीन," शालन म्हणाली. "आणि कारखानदारांशी यापुढे मीच बोलेन."