तांदळाच्या डब्यातली बाटली

मालनच्या थरथरत्या हातातला चहा शेजारच्या कुसुमकाकूंच्या साडीवर सांडला.

"अगं, किती वाळलीस! झालंय तरी काय तुला?"

मालननं पदरानं साडी पुसत विषय टाळला. एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली ती लेबल खरवडून तांदळाच्या डब्यात लपवायची, पण गोळी चुकवायची नाही. तरी हल्ली काळीज सारखं धडधडायचं, एका जागी बसवत नव्हतं. गोळ्या लागू पडेनाशा झाल्या, असंच तिनं गृहीत धरलं.

दवाखान्यात रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो आजार ताब्यात आहे. थायरॉइड वाढलाय, म्हणून ही धडधड."

"थायरॉइड? तो तर आमच्या नणंदेलाही आहे!" मालन हसत सुटली.

घरी येताच तिनं थायरॉइडच्या गोळ्यांची नवी बाटली टीव्हीशेजारी ठेवली, लेबल दाराकडे करून. मग भिंतीवर थाप मारली.

"काकू, या की चहाला! मला काय झालंय ते सांगते."