घशातला काटा

लग्न होऊन करंज्याला आल्यापासून किशोरीच्या घशात घास अडकायचा. सासू तिला कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावायची आणि बंदरभर सांगत सुटायची, "कोल्याची पोर, पन म्हावऱ्याचा काटा काढता येत नाय!"

शेवटी पनवेलच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, आतला तुकडा तपासायला पाठवला. आज सासूसुनेला समोर बसवून ते म्हणाले, "काटाबिटा काही नव्हता. अन्ननलिकेच्या अस्तराचाच आजार आहे. दुर्मीळ आहे, पण औषधानं आटोक्यात राहील. घाबरू नका."

घाबरतंय कोण! किशोरीनं डॉक्टरांना तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगायला लावलं. मग पदर खोचून ती सासूकडे वळली.

"आई, ऐकलं ना? आता ह्ये पन बंदरावर सांगा."