रबर काढायचा दिवस

"वहिनी, कावळा शिवलाच नाही," घाटावरून आलेले भावजी चपला काढत म्हणाले. "शेवटी दर्भाचा करावा लागला. काय राहिलं असेल दादाच्या मनात?"

नऊ दिवस शेजाऱ्यांचे डबे येत होते. आज पहिल्यांदाच जाऊबाई स्वयंपाकघरात सुरी शोधत होत्या आणि ती गॅलरीत निवडुंगांच्या कुंड्यांमागे आहे, हे फक्त मला ठाऊक होतं.

त्या सकाळी ह्यांनी ती न विचारता नेली, हिरव्या निवडुंगाचा शेंडा कापला आणि त्यावर लाल निवडुंगाचा गोळा बसवून माझ्याच केसांच्या रबराने बांधला. "त्या सुरीने मी भाजी चिरते! एक दिवस हे सगळे काटे फेकून देईन," मी ओरडले होते. मग अबोला. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच हे गेले.

मी गॅलरीत गेले. सुरीवर चीक वाळला होता. ती उचलताना कुंडीत खोचलेली आइस्क्रीमची काडी दिसली. तिच्यावर ह्यांचं बारीक अक्षर: "दहाव्या दिवशी रबर काढणे. तोवर पाणी नको."

मी बोटांवर दिवस मोजले. खाली बसले. काटे टोचत होते, तरी रबर हळूहळू सोडवलं. लाल गोळा जागचा हलला नाही. हिरव्याने तो घट्ट धरला होता.

"अहो, कलम लागलं!" मी मोठ्याने हाक मारली.

आतली सगळी माणसं एकदम गप्प झाली.