जावयाला कसं सांगायचं

सासूबाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांची पर्स डोक्याच्या वर, विमानाच्या छताला चिकटून बसली होती. ही तिकडे कशी गेली, हे काही त्यांना कळेना. खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. ढग म्हणावं की बर्फ, तेही कळेना. इंजिन बंद पडलं होतं, पण कानांत त्याची घरघर चालूच होती.

"आई, ठीक आहात ना?" शेजारच्या सीटवरून जावयानं विचारलं. विमान त्याचं, चालवणाराही तोच.

"आहे बहुतेक. पोचलो का आपण?"

"पडलो, आई."

हे डोक्यात शिरायला वेळ लागला. लेकीचे दिवस भरले होते, घाटाचा रस्ता बर्फानं बंद होता, आणि जावई स्वतःचं चार माणसांचं विमान घेऊन न्यायला आला होता. निघण्याआधी त्यांनी ते अख्ख्या इमारतीला सांगून घेतलं होतं.

"पेट्रोलचा वास येतोय," जावई म्हणाला. "मी आधी माझा पट्टा सोडतो, मग तुमचा. घाबरू नका, विमान सरळच टेकलंय."

सरळ? पट्टा तर खांद्यांत आणि मांड्यांत रुतत होता, कुणी खुंटीला टांगून ठेवल्यासारखं. डोकं जड झालं होतं. पण जावई म्हणतोय म्हणजे सरळच असणार. सासूबाईंनी आयुष्यात भल्याभल्यांना फैलावर घेतलं होतं. नवरा, दोन दीर, शाळेचे मुख्याध्यापक, कुणी सुटलं नव्हतं. जावयाला मात्र एका शब्दानं कधी दुखावलं नाही. तो म्हणेल ती पूर्व दिशा.

मघाशी ढगात शिरल्यावरही तेच झालं. विमान सरळ आहे की कललंय ते दाखवणाऱ्या समोरच्या तबकडीतली आडवी रेघ कलत चालली होती. जावयानं काचेवर टिचकी मारली. "हे बिघडलेलं दिसतंय. आपण सरळच चाललोय." बसल्या जागी त्यांनाही सरळच वाटत होतं, पण रेघ तर कललेलीच होती. खरं कुणाचं मानायचं? "तुम्हाला कळतं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

आता जावयाचा हात पट्ट्याच्या बकलाकडे गेला. सासूबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या चक्रावल्या. त्याच्या नाकातलं रक्त वर चाललं होतं. डोळ्याच्या कडेनं कपाळावर, तिथून केसांत, आणि केसांतून थेंब थेंब छतावर, पर्सच्या शेजारी. रक्त वर कसं चढेल? पर्स वर कशी पडेल? त्या बघत राहिल्या, आणि मग त्यांच्या डोक्यातलं सगळं जग हळूहळू फिरून जागेवर आलं.

"अहो, थांबा जरा. आपण उलटे आहोत."

"आई, तुमच्या डोक्याला मार लागलाय. होतो असा भास. मला कळतं ना वर कुठं आहे ते."

त्यानं बकल दाबायला घेतलं.

"हात काढ तिथून. डोक्यावर आपटशील, मान मोडेल. माझी पोरगी बाळंत व्हायचीय, गाढवा."

जावयाचा हात जागच्या जागी थांबला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

"कपाळाला हात लाव," त्या म्हणाल्या.

त्यानं लावला. लाल झालेल्या बोटांकडे त्यानं पाहिलं. मग डोक्याच्या वरचं छत त्यानं हळूच चाचपलं.

"म्हणजे मघाशी ती रेघसुद्धा..." तो थांबला. "तुम्हाला दिसत होती?"

"दिसत होती."

"मग बोलला का नाहीत, आई?"

तो रागावला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. सासूबाईंच्या ओठांवर उत्तर तयार होतं. जावयाला कसं सांगायचं, हेच ते. पण असं उलटं टांगलेलं असताना ते म्हणायची त्यांना लाज वाटली.

"तो हात छताला घट्ट टेक, मान आत घे, आणि हळू खाली ये," त्या म्हणाल्या. "मग सांगते."