चतुराबाईचा पाय

"सगळा एकदम वळ, बद्री. कंबर मागं ठेवू नको." चतुराबाईनं एक हात लेकाच्या खांद्यामागं लावला, दुसरा मांडीमागं, आणि बद्रीनाथ ओंडका लोटावा तसा कुशीवर आला. मणक्याचं ऑपरेशन होऊन आज बारावा दिवस. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तिला तोंडपाठ होतं. वाकायचं नाही, पीळ द्यायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही, चालताना पट्टा हवा आणि जवळ माणूस. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण सुनेनं उशी जराशी सरकवली तरी तिला खपत नव्हतं.

पट्टा आवळून ती त्याला उठवणार, तेवढ्यात ओसरीवरून हाक आली. "काकू, हायेत का घरात?"

तातेराव कमरेवर हात ठेवून, तोंड वाकडं करून उभा होता. कमरेत उसण भरली होती. आणि उसण भरली की कुंभार पिंपळगावात चतुराबाईचंच दार गाठायचं, हे पोराटोरांनाही ठाऊक. ती पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते, आणि अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण पळते म्हणतात. दर रविवारी सकाळी तिच्या ओसरीवर माणसं पालथी पडत आणि ती एकेकाच्या पाठीवर तीनदा टाच टेकवी. गावात त्याचा मान होता. तो मान तिला आवडायचाही, खोटं कशाला बोला.

"न्हाई तातेराव. पाय लावणं बंद केलं म्या. जालन्याला जा अन् मणक्याचा फोटो काढून घ्या."

"असं काय करता काकू? दोन वर्सं बद्रीला तुमीच तर उभं ठेवलं. माह्यादेखत तुमी पाय लावायच्या अन् तो उठून सरळ वावरात जायचा."

आपण चांगलंच बोललो, असं तातेरावला वाटलं. चतुराबाईला मात्र ते लागलं. बद्रीचा डावा पाय तपासून डॉक्टरांनीही याच दोन वर्षांबद्दल विचारलं होतं. दोन वर्षांपासून पायाला मुंग्या येतात आणि आणताय आत्ता? नस फार दिवस दबून राहिली होती. दुखणं जाईल, पण पंजा पहिल्यासारखा उचलला जाईल याची खात्री त्यांनी दिली नाही.

तातेराव कुरकुरत निघून गेला. ती आत आली. बद्रीचे दोन्ही पाय खाटेखाली सोडून तिनं त्याला कोपरावर जोर द्यायला लावून बसतं केलं, मग उभं केलं. तिच्या खांद्यावर हात टेकून तो चार पावलं चालला. डावा पंजा शहाबादी फरशीवर घासत होता. तो आवाज तिला सोसवेना.

"एक विचारू? खरं सांग. माह्या पायानं तुला कधी उतार पडला का रं?"

बद्रीनाथ थांबला. "न्हाई, माय. एकदाबी न्हाई."

"मंग दर खेपेला बरं वाटलं, बरं वाटलं, असं का म्हणत व्हतास? तवाच दवाखान्यात नेलं असतं तुला." राग लेकाचा आला की स्वतःचा, तिचं तिलाच कळेना.

बद्रीनाथनं तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

"तू दर खेपेला ओसरीवर समद्यांसमोर विचारायचीस, माय. न्हाई कसं म्हणू?"